उबदार आवाज नेमका कुठे राहतो?

ज्ञानेंद्रिये आणि भाषा या आपल्या व्याख्यानमालेत आज जरा बाजारात उतरायचं आहे. एका श्रोत्यांचा प्रश्न आला आहे, तो आधी सांगू. गृहस्थ नुकते निवृत्त झाले आहेत. हाताशी थोडे पैसे आले आहेत आणि आयुष्यभर साठवलेल्या रेकॉर्ड्स आणि सीडी आता निवांत ऐकायच्या आहेत. एका परिचितांकडे त्यांनी ट्यूब ॲम्प्लिफायर ऐकला आणि तो आवाज मनात बसला. पण दर काही वर्षांनी ट्यूब बदला, मे महिन्यात ते निखारे घरात पेटते ठेवा, नातवंडांचे हात त्यापासून जपा, हे काही त्यांना नको आहे. तेव्हा सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा, पण ट्यूबसारखा 'वॉर्म' वाजणारा ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा, असं ते विचारतात. दुकानदाराने दीड लाखापासून सहा लाखांपर्यंतची पाच नावं लिहून दिली आहेत आणि पाचही नावांपुढे 'वॉर्म' हा एकच शब्द लिहिला आहे.

तत्त्वज्ञानाच्या माणसाकडे हा प्रश्न कशाला, असं कुणाला वाटेल. पण पाच निरनिराळ्या वस्तूंपुढे एकच विशेषण लिहिलेलं असतं, आणि त्या विशेषणाच्या जोरावर कुणाची तरी आयुष्यभराची पुंजी खर्च होणार असते, तेव्हा ते विशेषण नेमकं कशाला लागू पडतं हे विचारणं आमच्याच धंद्यातलं काम आहे.

अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आपल्याकडे न्यायशास्त्राच्या पहिल्या पायरीला शिकवतात. त्यात हिशेब स्वच्छ आहे. शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण. उष्ण स्पर्श हा तेजाचा गुण. आणि गुणाच्या पोटात दुसरा गुण राहत नाही. म्हणजे 'उबदार आवाज' हा प्रयोग शास्त्राप्रमाणे दोन्हीकडून चुकला! तरीही तो ऐकल्यावर काहीतरी कळतंच. मग ही लक्षणा झाली. आणि लक्षणा असेल तर लक्ष्यार्थ काय, तो शोधला पाहिजे. गंमत अशी की मराठीत आवाजाला आपण उबदार म्हणत आलेलो नाही. आपण भरदार म्हणतो, गोलाईचा म्हणतो, जवारीदार म्हणतो, घुमारा आहे म्हणतो. आणि उलट बाजूला चरचरीत, किनरा, पत्र्यासारखा असं म्हणतो. हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. घुमारा आणि जवारी या तर जवळजवळ उलट गोष्टी आहेत: एक खालच्या पट्टीत असतो, दुसरी वरच्या स्वरांशांत. इंग्रजी 'वॉर्म'ने हे सगळं एका पोत्यात भरलं. आज ते पोतं सोडून बघू.

आधी एक गोष्ट पोत्यातून बाहेर काढून ठेवू. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांच्या कानात 'व्हॉल्व्हचा आवाज' म्हणून जो बसला आहे तो घरातल्या मोठ्या लाकडी रेडिओचा आहे. कळ फिरवल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, पट्टीमागे पिवळा उजेड यायचा आणि मग आवाज. नंतर घरोघरी छोटे ट्रान्झिस्टर रेडिओ आले आणि ते किरकिरले. त्यामुळे व्हॉल्व्ह म्हणजे गोड आणि ट्रान्झिस्टर म्हणजे किरकिरा असं समीकरण पक्कं झालं. पण मीडियम वेव्हवर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं काही पोचतच नसे. त्यात लाकडाची पेटी, मागून उघडी, आणि चांगला सात-आठ इंची स्पीकर. छोट्या रेडिओत प्लॅस्टिकची डबी आणि अडीच इंची स्पीकर. या तुलनेत व्हॉल्व्हचा आणि ट्रान्झिस्टरचा वाटा फारच थोडा. ही आठवण मोलाची आहे, पण तिच्यावर भरवसा ठेवून ॲम्प्लिफायर विकत घेता येणार नाही.

आता मुद्द्याला येऊ. ट्यूब ॲम्प्लिफायर आणि ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर यांच्या आवाजात फरक पडतो तो कुठे कुठे?

पहिलं ठिकाण बहुतेकांना ठाऊक नसतं आणि आमच्या मते तेच सर्वांत मोठं आहे. ॲम्प्लिफायरला स्वतःचा एक आतला रोध असतो, त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये तो ०.१ ओहम किंवा त्याहूनही कमी असतो. साध्या, फीडबॅक न वापरणाऱ्या ट्यूब ॲम्प्लिफायरमध्ये तो दोन-तीन ओहम असू शकतो. तिकडे स्पीकरवर '८ ओहम' लिहिलेलं असतं, ते मात्र वरवरचं. तोच स्पीकर एखाद्या पट्टीत ४ ओहमपर्यंत उतरतो आणि खर्जात, जिथे त्याचा पडदा स्वतःच्या लयीत डोलतो तिथे, ३० ओहमपर्यंत चढतो. आता गणित करा. ॲम्प्लिफायरचा रोध २ ओहम असेल तर ३० ओहमच्या जागी ३२ पैकी ३० भाग दाब स्पीकरला मिळतो; ४ ओहमच्या जागी ६ पैकी ४ च मिळतो. डेसिबलमध्ये हा फरक जवळजवळ ३ भरतो. ॲम्प्लिफायरचा रोध ०.१ ओहम असेल तर हाच फरक ०.२ डेसिबलच्याही आत राहतो.

तीन डेसिबल कुणालाही ऐकू येतात. खर्जात ते वाढले की तबल्याचा बायां भरतो, पुरुषाच्या आवाजाला पोट येतं, आणि आपण म्हणतो, वा, काय ऊब आहे! पण ध्यानात घ्या, ही ऊब ट्यूबमध्ये नव्हती आणि स्पीकरमध्येही नव्हती. त्या दोघांच्या संयोगात ती होती. दुसरा स्पीकर लावा, ज्याचा रोध वरच्या पट्टीत चढतो. तोच ट्यूब ॲम्प्लिफायर तिथे झगझगीत वाजेल. म्हणून 'हा ॲम्प्लिफायर वॉर्म आहे' हे वाक्य 'हा माणूस उंच आहे'सारखं नसून 'हा माणूस शेजारी आहे'सारखं आहे. कुणाचा, ते सांगितल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही.

दुसरं ठिकाण हार्मोनिकचं. हे आपल्या लोकांना शिकवणं सोपं, कारण तंबोरा ऐकलेला असतो. षड्ज २४० हर्ट्झवर धरला तर त्याची दुप्पट ४८० म्हणजे तार षड्ज, तिप्पट ७२० म्हणजे तार पंचम, चौपट पुन्हा षड्ज, पाचपट गंधार. इथपर्यंत सगळं कुटुंबातलं. सातपट मात्र कोमल निषादाच्याही खाली पडते, आणि तिथून पुढचे बरेचसे स्वरांश कुठल्याच घरात नीट बसत नाहीत. ॲम्प्लिफायर स्वरात आपल्या पदरचं काही मिसळतोच. त्यानं फक्त दुप्पट मिसळली तर ती मूळ स्वरातच विरते. सातवा, नववा, अकरावा मिसळला तर फार थोडा असूनही खुपतो. बीबीसीच्या शॉर्टर यांनी १९५० मध्येच सुचवलं होतं की विकृतीची बेरीज करताना प्रत्येक हार्मोनिकला त्याच्या क्रमांकाच्या वर्गानुसार वजन द्यावं, वर्ग भागिले चार. म्हणजे दुसऱ्याला १, तिसऱ्याला सव्वादोन आणि सातव्याला सव्वाबारा. विकृतीचा एकच एकूण टक्का छापायची पद्धत मात्र आजतागायत चालू आहे. ०.०५ टक्के विकृतीचा ॲम्प्लिफायर १ टक्क्याच्या ॲम्प्लिफायरपेक्षा कानाला कडक का लागू शकतो, याचं उत्तर या वजनात आहे.

पण 'ट्यूब म्हणजे दुसरा हार्मोनिक' हे जे सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. एकाच ट्यूबने सगळा भार उचलायचा, त्याला सिंगल-एंडेड म्हणतात, तिथे ते खरं आहे. दोन ट्यूब जोडीनं आळीपाळीनं ओढतात त्या पुश-पुल रचनेत सम हार्मोनिक एकमेकांना खोडतात आणि उरतो तो मुख्यतः तिसरा. विल्यमसन यांचा १९४७ चा प्रसिद्ध ॲम्प्लिफायर पुश-पुल होता, १५ वॉटचा, आणि त्याची विकृती ०.१ टक्क्याच्या आत होती. क्वाड टू पुश-पुल, मॅकिन्टॉशचा एमसी २७५ पुश-पुल. ज्यांची नावं आदरानं घेतली जातात त्या ट्यूब यंत्रांपैकी बरीचशी गोडवा मिसळण्यासाठी बनवलेलीच नव्हती. त्या काळच्या इंजिनिअरांना जसं आत गेलं तसंच बाहेर हवं होतं.

मग ट्रान्झिस्टर बदनाम कशाने झाला? १९६० च्या दशकातल्या यंत्रांमुळे. त्यांतही दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीनं ओढत, पण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सूत्र जाताना मधे किंचित खाच पडे. त्याला क्रॉसओव्हर विकृती म्हणतात. ती नेमकी वरच्या, खुपणाऱ्या हार्मोनिकनी भरलेली असते, आणि आवाज लहान असताना जास्त जाणवते. म्हणजे गायक हळुवार झाला की यंत्र कर्कश व्हायचं. पुढे मोठा फीडबॅक लावून आकडे चकचकीत केले गेले. फिनलंडच्या मत्ती ओताला यांनी १९७० मध्ये दाखवलं की मंद गतीच्या यंत्रावर असा फीडबॅक लादला तर अचानक येणाऱ्या आघातांना तो गोंधळतो. हे दोष आज चांगल्या यंत्रांत राहिलेले नाहीत. शब्द तेवढा राहिला.

आणि गोड विकृतीचीही एक बाजू सांगायला हवी, ती विक्रेता सांगत नाही. दुसरा हार्मोनिक एकटा येत नाही. दोन स्वर एकत्र वाजले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीही तो घेऊन येतो. षड्ज २४०, पंचम ३६०. वजाबाकी १२०, म्हणजे खर्जाचा षड्ज. बेरीज ६००, म्हणजे तार गंधार. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो, तोही याच षड्जाला पाचपट १२० म्हणजे बरोबर ६०० वरच पडतो! म्हणून तंबोरा आणि एकच गळा असेल तर सिंगल-एंडेड यंत्र मैफल सजवतं. पण षड्जाशेजारी कोमल ऋषभ लागला, २५६, की बेरीज होते ४९६ आणि ती तार षड्ज नि तार कोमल ऋषभ यांच्या मधोमध लटकते. चाळीस व्हायोलिनं आणि पितळी वाद्यं एकदम वाजतात तिथे अशा शेकडो बेरजा-वजाबाक्या होऊन चिखल होतो. तेव्हा काय ऐकता, यावर पुष्कळ अवलंबून आहे. मिरजेचे कारागीर जवारी लावताना घोडीचा उतार असा घासतात की तार तिला चाटत राहावी आणि वरचे स्वरांश फुलावेत, सी. व्ही. रामन यांनी या घोडीवर १९२१ च्या सुमारास लिहिलं आहे. पण जवारी वाद्याला लावायची असते. ॲम्प्लिफायरला लावलेली जवारी तबल्यालाही लागते आणि निवेदकालाही.

तिसरं ठिकाण, कुवतीबाहेर गेल्यावर यंत्र कसं वागतं ते. ट्यूब हळूहळू दमते, ट्रान्झिस्टर एकदम भिंतीवर आपटतो. रसेल हॅम यांचा १९७३ चा लेख या बाबतीत फार उद्धृत होतो, पण तो स्टुडिओतल्या मायक्रोफोन प्रीॲम्प्लिफायरवर जास्त भार आला की काय होतं याबद्दल आहे. दिवाणखान्यात बऱ्याच वेळा सरासरी एखादा वॉटच खर्च होत असतो. पुरेशा ताकदीचं यंत्र घेतलं तर या मुद्द्याची चिंता नको. आणि लहान यंत्र घ्यायचं असेल तर एनएडीने ३०२० या आपल्या २० वॉटच्या स्वस्त ॲम्प्लिफायरवर सॉफ्ट क्लिपिंगची कळ दिली होती, ती सोय त्यांच्या पुढच्याही कित्येक यंत्रांत आहे.

इथे १९८५ ची एक हकिगत सांगितलीच पाहिजे. अमेरिकेत सँटा फे गावातून निघणाऱ्या 'स्टिरिओफाइल' मासिकाला बॉब कार्व्हर या इंजिनिअरने सांगितलं की तुम्ही म्हणाल त्या ॲम्प्लिफायरचा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमधून काढून दाखवतो. संपादकांनी एक अतिशय महागडा ट्यूब ॲम्प्लिफायर पुढे ठेवला. कार्व्हरने हॉटेलच्या खोलीत बसून दोन दिवस काम केलं. पद्धत सुंदर होती. दोन्ही यंत्रांना एकच संगीत द्यायचं आणि दोघांच्या आउटपुटांमधला फरक तेवढा एका स्पीकरवर ऐकायचा. फरक ऐकू आला की तो कशामुळे ते शोधायचं आणि आपलं यंत्र त्याप्रमाणे बिघडवायचं. बिघडवायचं हाच शब्द बरोबर, कारण त्याला आउटपुटचा रोध वाढवावा लागला, विकृती मिसळावी लागली. शेवटी फरक ७० डेसिबल खाली गेला, म्हणजे मूळ आवाजाच्या सुमारे तीन हजारांश. मासिकाच्या अनुभवी कानांना मग दोन यंत्रं वेगळी ओळखता आली नाहीत.

लाइबनिझचं तत्त्व आपण मागे पाहिलं आहे: ज्या दोन वस्तूंत कुठलाच भेद नाही त्या दोन नाहीतच. कानापुरतं तरी ते इथे लागू झालं. एका यंत्रात काचेचे दिवे होते, दुसऱ्यात सिलिकॉन होतं. आवाजात त्याचा मागमूस उरला नाही. पुढे कारखान्यातून निघालेल्या प्रती मासिकाने मोजल्या तेव्हा फरक इतका खाली गेला नाही आणि त्यावरून दोन्ही बाजूंत बराच काळ वाद चालला, तो भाग वेगळा. त्या खोलीत सिद्ध झालं ते एवढंच, पण ते पुरेसं आहे: ट्यूबचा आवाज हा ट्यूबच्या मालकीचा नाही. त्याआधी १९७८ मध्ये जेम्स मॉयर यांनी क्वाडची तीन यंत्रं, एक ट्यूबचं आणि दोन ट्रान्झिस्टरची, पडद्याआड ठेवून जाणत्या श्रोत्यांना ऐकवली होती. तिथेही निवड नाणेफेकीच्या पलीकडे गेली नाही. या दोन प्रयोगांत विरोध नाही. दोन्ही बाजूंची यंत्रं काटेकोर असली तर आवाज एकच येतो, आणि एकाला रंग असला तर तो रंग दुसऱ्यालाही देता येतो.

तेव्हा आपल्या श्रोत्यांना आमची पहिली सूचना अशी की दीड लाख खर्च करण्यापूर्वी शंभर रुपयांच्या आत खर्च करा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, १ ओहमचे १० वॉटचे पांढरे सिरॅमिक रेझिस्टर दोन घ्या. आत्ता घरात जो साधा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर आहे तो बंद करून, दोन्ही स्पीकरच्या लाल वायरमध्ये एक एक ओवा. उघडी तारेची टोकं एकमेकांना लागणार नाहीत असं बघा, आणि रेझिस्टर पडद्याजवळ ठेवू नका, तो तापतो. आवाज साधारण एक डेसिबल खाली येईल, तेवढा वाढवून घ्या. आठवडाभर ऐका. मग काढून ऐका. मघाच्या स्पीकरवर याने दीड डेसिबलच्या आसपास फरक पडतो. तुम्हाला हवी असलेली ऊब जर ही असेल, तर ती तुम्हाला मिळाली, आणि उरलेले पैसे गाण्याला जातील. यावर हसू नका. ट्यूबच्या आवाजातला पहिला घटक अक्षरशः एवढाच आहे.

दुसरी सूचना टोन कंट्रोलची. पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ मध्ये जे साधं सर्किट दिलं ते जगभरच्या यंत्रांत गेलं. नंतर शुद्धतावाद्यांनी त्या बटणांना बाटवलेलं ठरवलं आणि महागड्या यंत्रांवरून ती नाहीशी झाली. मग त्याच माणसांनी खर्ज थोडा जास्त आणि तार थोडी कमी असलेलं यंत्र शोधण्यासाठी दुकानं पालथी घातली! बटण फिरवणं कमीपणाचं आणि लाखाचं यंत्र बदलणं रसिकतेचं, हा न्याय आम्हाला कधी कळलेला नाही. लक्समन, यामाहा, मॅकिन्टॉश यांच्या कित्येक इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरवर ही बटणं अजून आहेत. ती असलेलं यंत्र घ्या.

एवढं करूनही हवं ते सापडलं नाही, म्हणजे भरदारपणा आला पण स्वराची गोलाई नाही आली, तर दुसऱ्या ठिकाणाकडे वळा. इथे क्लास ए ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर येतात. त्यात सूत्र हातातून हाती जातच नाही, त्यामुळे ती खाच नाही. लिन्सली हूड यांनी 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये १९६९ ला प्रत्येक चॅनेलला चारच ट्रान्झिस्टरचा, १० वॉटचा असा ॲम्प्लिफायर दिला. हौशी लोक तो आजही जोडतात. इंग्लंडचा सग्डन ए २१ त्याच सुमाराचा आणि अजून बनतो. लक्समनची ५५० आणि ५९० ही मालिका या जातीची, २० ते ३० वॉटची. नेल्सन पास यांच्या फर्स्ट वॉटची यंत्रं तर उघडपणे सांगून दुसरा हार्मोनिक देतात, आणि त्यांतल्या काहींचा डॅम्पिंग फॅक्टर, म्हणजे ८ भागिले आतला रोध, एक आकडी आहे. अशा यंत्रात ट्यूबचे दोन्ही घटक एकत्र आले. १९७४ मध्ये यामाहाने बी-१ मध्ये निशिझावा यांच्या संशोधनातून आलेले व्हीफेट वापरले होते, ज्यांचं वागणं ट्रायोड ट्यूबसारखंच आहे. जुन्या बाजारात ते यंत्र दिसलं तर हात लावू नका. तो ट्रान्झिस्टर गेला तर दुसरा आणायचा कुठून?

क्लास एची किंमत उष्णतेत मोजावी लागते. गाणं वाजो न वाजो, ते दोन-अडीचशे वॉट खातं. रोज चार तास म्हणजे एक युनिट. बिल परवडेल, पण मे महिन्यात पंखा लावून तंबोरा ऐकण्यात काय हशील, तेही मोजा. उबदार आवाजाचा शब्दशः अर्थ त्या दिवसांत कळतो. आणि वॉट कमी असतात. तुमचे स्पीकर ९० डेसिबल संवेदनशीलतेचे असतील तर दहा वॉटही पुरे, ८४ चे असतील तर नाही.

मॅकिन्टॉशबद्दल एक. त्यांच्या बऱ्याच ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी ऑटोफॉर्मर असतो, ट्यूब यंत्रासारखा, आणि म्हणून ते ट्यूबसारखे वाजतात असं सांगतात. पण कंपनी डॅम्पिंग फॅक्टर ४० च्या वर देते, म्हणजे रोध ०.२ ओहमच्याही आत. मघाची तीन डेसिबलची ऊब यातून यायची नाही. यंत्र देखणं आणि भक्कम आहे, त्या कारणासाठी जरूर घ्या.

दुकानात ऐकायला जाल तेव्हा स्वतःचे स्पीकर न्या, निदान त्याच मॉडेलचे मागा. कारण वर सांगितलंच. दोन यंत्रांचा आवाज सारखा करून घ्या. अर्ध्या डेसिबलने मोठं वाजणारं यंत्र मोठं वाटत नाही, 'भरदार' वाटतं. स्पीकरच्या टोकाशी मल्टिमीटर लावून एक टक्क्याच्या आत जुळवा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. आणि लॉकने १६९० च्या ग्रंथात दिलेला दाखला विसरू नका: एक हात गार, दुसरा गरम असताना कोमट पाण्यात घातले तर तेच पाणी एकाला गरम, दुसऱ्याला थंड लागतं. विक्रेता आधी कोणतं यंत्र ऐकवतो यावर नंतरच्याची ऊब ठरते. क्रम उलटा करून पुन्हा ऐका.

आता प्रश्न घेऊ. एकांनी विचारलं आहे, मॉसफेट वापरलेला ॲम्प्लिफायर ट्यूबसारखा वाजतो का? सुटा भाग पाहून आवाज सांगता येत नाही. सर्किट, फीडबॅक आणि आतला रोध विचारा.

साठीनंतर कानाची तार पट्टी उतरते, मग वॉर्म यंत्र घ्यावं की नको, असा एक प्रश्न आहे. चांगला प्रश्न. वय वाढतं तशी वरची पट्टी आपल्यापुरती आधीच झाकली गेलेली असते. त्यावर आणखी पांघरूण घातलं तर बंदिशीतले स, श, त, थ हरवतात. ऐकताना बोल कळतात का तेवढं बघा. कळत नसतील तर ते यंत्र तुमच्यासाठी नाही, त्याची कितीही स्तुती छापून आलेली असो.

शेवटचा प्रश्न: ट्यूबचा छोटा प्रीॲम्प्लिफायर आणि पुढे ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प्लिफायर, ही जोडी कशी? ज्यांना रेझिस्टरच्या प्रयोगात आनंद झाला त्यांना यातून ते मिळणार नाही, कारण स्पीकरशी गाठ पडते ती ट्रान्झिस्टरच्या कमी रोधाचीच. ज्यांना दुसऱ्या हार्मोनिकची गोलाई हवी आहे त्यांना मात्र ती मिळेल, क्लास एच्या निम्म्याहून कमी खर्चात. छोट्या ट्यूब हजारो तास चालतात, फार तापत नाहीत, आणि जाळीच्या आत बसवल्या की नातवंडांचीही काळजी नाही. प्रीॲम्प्लिफायरला बायपासची कळ आहे ना, ते पाहून घ्या, म्हणजे सिंफनी लावताना तो बाजूला ठेवता येईल.